हातात दिलेलं पपनस

मामांना कुणी "बसा" म्हटलं की ते आधी खुर्चीकडं बघायचे, मग खिडकीतून बाहेर पाटाकडं बघायचे आणि उलट विचारायचे, "पानी बसलंय का, भाऊसाहेब? मग मी कसा बसू?"

आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून मोकळे व्हायचे. कोणत्या चारीचं दार किती उघडलं, कुठं भराव खचलाय, कुणी चोरून पाइप टाकलाय. चहा उभ्यानं, सही उभ्यानं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी बसली की आजारी वाटतात. मामा त्यातले.

मी तेव्हा बेलापूरजवळच्या पाटबंधारे खात्याच्या एका लहानशा कचेरीत कारकून होतो. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. आमच्या नगर जिल्ह्यात कारकुनाला भाऊसाहेब म्हणतात. हाताखाली एक पंखा आणि एक टाचणीची डबी, तरी भाऊसाहेब. मामा, सगळी कचेरी त्यांना मामाच म्हणायची, पाटकरी होते, म्हणजे पाटाचे राखणदार. धरणातून पाण्याचं आवर्तन, ठरावीक दिवसांची पाळी, सुटलं की त्यांचे पाय सुटायचे. त्यांच्या वाट्याला पाटातून शेतांकडं फुटणाऱ्या अकरा चाऱ्यांचा तुकडा होता. पाटाच्या कडेनं चालत जायचं, प्रत्येक चारीचं लोखंडी दार ठरल्या वेळी उघडायचं, ठरल्या वेळी लावायचं आणि परत यायचं. जाऊन-येऊन चौदा-पंधरा किलोमीटर. खात्यानं सायकल दिली होती. ती मामांनी आपल्या चौकीच्या भिंतीला टेकवून तिच्यावर दोडक्याचा वेल चढवला होता.

"सायकलीवरून पाटाचं पोट दिसत न्हाई," ते म्हणायचे.

माझी आणि त्यांची ओळख पाटाच्या पोटातच झाली. बदलून आलो त्याच आठवड्यात, आपण किती कामाचे आहोत हे दाखवायला मी पाट बघायला गेलो आणि शेवाळावरून घसरून फायलीसकट आत पडलो. मामांनी सदऱ्याची कॉलर धरून बाहेर ओढलं, काठावर उभं केलं आणि म्हणाले, "चला, भाऊसाहेबांची हजेरी लागली."

ते मूळचे तिसगावच्या बाजूचे. तिकडं पाट नाही. "आमच्या आईनं दोन कोसावरनं पानी वाहिलं डोक्यावर," एकदा म्हणाले. "हितं ते माझ्या मागं मागं चालतं. आनखी काय पायजे मानसाला?" चौकीत ते आणि मामी दोघंच राहायचे. भिंतीवर बुद्धाची तसबीर, दारात तुळतुळीत सारवलेलं अंगण, आणि अंगणापुढं पाट. खुर्ची नव्हतीच.

त्या वर्षी गणपतीच्या दिवसांत, पाचव्या चारीवर त्यांच्या छातीत कळ आली. घामानं अंग निथळत होतं, तरी त्यांनी आधी चारीचं दार लावलं, मग चालत चौकीपर्यंत आले आणि मामींना म्हणाले, "मला जरा आडवं व्हायचंय." मामींनी तेवढ्यावरून ओळखलं आणि रस्त्यावर जाऊन टेम्पो थांबवला.

नगरच्या दवाखान्यातून दहा-बारा दिवसांनी आले ते गोळ्यांची पिशवी घेऊन. त्यातली एक रक्तातली चरबी कमी करायची. "ही मरेस्तोवर घ्यायची म्हनत्यात," मामा म्हणाले. मग सदरा वर करून बरगड्या दाखवल्या. "तुमीच सांगा, चरबी कुठं हाय?"

आता माझ्या डॉक्टरकीबद्दल सांगायला हवं. रविवारच्या पुरवण्यांतली आरोग्याची कात्रणं कापून वहीत चिकटवायचा मला नाद होता. कचेरीत कुणाला शिंक आली तरी मी वही काढायचो. त्याच वहीच्या जोरावर मी एकदा शीर्षासन केलं होतं आणि पंधरा दिवस मान एका बाजूला ठेवून नोकरी केली होती. लोकांना वाटायचं मी कायम खिडकीबाहेर बघतोय. तरी माझा स्वतःवरचा विश्वास काही हलला नाही.

शिवाय माझ्या क्वार्टरच्या परसात पपनसाचं झाड होतं. आधीच्या कुणा हौशी साहेबानं लावलेलं. दिवाळीच्या सुमाराला त्याला डोक्याएवढी फळं लागायची आणि घरात ती कुणी खायचं नाही, आंबट आणि वर कडवट. "ही संपवा कुठंतरी," बायको म्हणाली, "बाजेखाली आता पाय ठेवायला जागा नाही." मी पिशवी हँडलला अडकवून कचेरीला निघालो होतो. वाटेत मामा दिसले. मी सायकलवरून न उतरता, एक पाय जमिनीला टेकवून, एक पपनस त्यांच्या हातात दिलं.

"हृदयाला उत्तम," मी म्हणालो. वहीत पपनसाबद्दल एक ओळसुद्धा नव्हती.

मामांनी फळाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, जरा जास्तच वेळ. "रोज खाऊ?"

"रोज. सकाळी एक."

त्यानंतर दर सोमवारी सात पपनसं चौकीवर पोचू लागली. परस मोकळं झालं, बायको खूश झाली, आणि मी एका माणसाचं हृदय सांभाळतोय म्हणून माझी छाती दोन बोटं फुगली.

मार्गशीर्षात एक दिवस मामा कचेरीत आले. मी मान वर न करता सवयीनं म्हणालो, "बसा."

आणि मामा बसले.

शिपाई पाण्याची कळशी घेऊन चालला होता, तो जागीच थांबला. मी पेन खाली ठेवलं. खुर्चीच्या दोन्ही हातांना धरून मामा असे बसले होते, जणू खुर्चीच त्यांना सोडून जाणार आहे.

"मांड्या धरल्यात," ते म्हणाले. "पोटऱ्या धरल्यात. खांदं बी. सकाळी उठताना वाटतं कुनीतरी टिकावाच्या दांड्यानं ठोकून काढलंय. दोन चाऱ्या झाल्या की पाय उचलत न्हाई. परवा पानी माझ्या आधी पोचलं, भाऊसाहेब. तिसऱ्या चारीवर दार बंद, पानी वरून सांडतंय, आन मी अजून लांब."

दवाखान्यात दाखवलंत का, मी विचारलं. दाखवलं होतं. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, या गोळीनं काहींचं अंग दुखतं, सहन करा, पण गोळी सोडू नका, सोडलीत तर पुन्हा झटका येईल. त्यात उपअभियंता साहेबांनीही परवा निरोप धाडला होता. उन्हाळी आवर्तन सुटेपर्यंत पाय चालते झाले नाहीत, तर पाटावरून काढून नगरच्या गोदामावर पहारेकरी म्हणून बसवणार. चौकी सोडावी लागणार.

"तिथं स्टुलावर बसवतेत दिवसभर," मामा म्हणाले. "पानी नळाला येतं, एक तास." मग त्यांनी दोन्ही तळवे मांड्यांवर दाबले. "गोळी सोडली तर काळीज जाईल म्हनत्यात. घेतली तर पाय जात्यात, डोळ्यादेखत जात्यात. तुमी शिकलेले हाय. सांगा, दोन्हींतलं काय ठिवू?"

या प्रश्नाला शहाण्या माणसानं 'मला माहीत नाही' म्हटलं असतं. मी वही काढली.

वहीत होतं: स्नायू दुखत असल्यास व्यायाम वाढवावा. कुणाचे स्नायू, कशानं दुखणारे, ते कात्रण कापताना खाली राहून गेलं होतं. मी सांगितलं, "रोज पन्नास बैठका. दुखलं तरी थांबायचं नाही, दुखणं घालवायचंय ना? आणि पपनसं दोन करा."

मामांनी मान डोलावली. बुडणाऱ्यानं ज्या विश्वासानं काठावरच्याकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. ते आठवलं की अजून मला खुर्चीत नीट बसवत नाही.

सहाव्या दिवशी सकाळी मामी कचेरीच्या दारात उभ्या. कधी न येणारी बाई. पदर डोक्यावर, पायात चपला नाहीत.

"भाऊसाहेब, त्यांला जाग्यावरून उठता येईना. चार दिस बैठका काढल्या, काल पडले. आन लघवी..." त्या थांबल्या, मग धीर करून म्हणाल्या, "चहावानी झालीय."

कचेरीची जीप नेमकी साहेबांनी नेलेली. साखर कारखान्याचा एक टेम्पो बाजारात उभा होता, त्याला हात जोडले. मागं गोणपाटावर मामा, त्यांचं डोकं मामींच्या मांडीवर, आणि फळीला धरून मी. नगरपर्यंत मामा एकदाच बोलले. "पन्नास पुऱ्या झाल्या न्हाईत. चाळीसच व्हायच्या." माफी मागत होते ते, माझी.

दवाखान्यात या खेपेला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी रक्त घेतलं, लघवी बघितली आणि सलाइन लावायला सांगून लगेच गोळी बंद केली. स्नायू विरघळतायत, म्हणाल्या, हे मूत्रपिंडावर जातं, आणखी दोन दिवस गेले असते तर अवघड होतं. मग स्टूल ओढून बसल्या आणि चौकशी सुरू केली. काय खाता, काय पिता, दुसरं कुठलं औषध, जडीबुटी?

"काय न्हाई," मामी म्हणाल्या. "भाकरी, कालवण. आन सकाळी पपनस. आता दोन खातेत."

बाईंची पेन्सिल थांबली. "रोज? गोळी चालू असताना? कुणी सांगितलं?"

मामींनी माझ्याकडं बघितलं नाही. मामांनीही बघितलं नाही. छताकडं बघत मामा म्हणाले, "मीच आपला खायचो. आवडतं मला."

मला वाटतं मी आयुष्यात बऱ्याच ठिकाणी गप्प राहायला हवं होतं आणि बोललो. तिथं एकदाच गप्प राहता आलं असतं. पण तोंडातून निघून गेलं. "मी दिलं," मी म्हणालो. "बैठकाही मीच सांगितल्या."

बाई रागावल्या नाहीत, तेच वाईट झालं. शांतपणे सांगू लागल्या. पपनसाच्या जातीच्या फळात असं काहीतरी असतं की ही गोळी शरीरातून लवकर निघून जात नाही, साचत जाते. नुकतंच कुठं छापून यायला लागलंय, पुष्कळ डॉक्टरांनाही ठाऊक नाही. म्हणजे मामा रोज एक गोळी घेत होते आणि मी दर सोमवारी पिशवी भरून त्या एकीच्या कितीतरी करत होतो. वर दुखऱ्या स्नायूंना पन्नास बैठकांचा मार.

बाहेरच्या बाकावर मी किती वेळ बसलो होतो ठाऊक नाही. चहाचा कप हातातच गार झाला. मामा गेले असते तर सरकारी कागदावर कारण हृदयविकार लिहिलं गेलं असतं, आणि तो कागद माझ्याच टेबलावर फायलीला लागला असता. पुढं कितीतरी दिवस परसात गेलो की झाडावरची उरलेली फळं माझ्याकडं बघतायत असं वाटायचं.

मामा वाचले. पण खरी पंचाईत त्यानंतर झाली.

काही आठवड्यांनी, रक्ताचा तपास ठीक आल्यावर, बाईंनी तीच गोळी अगदी कमी ताकदीची सुरू करायला सांगितली. मामांनी सरळ नकार दिला. "न्हाई. पाय परत यायला लागलेत. काळजाचं काळीज बघंल." मामी रडल्या, ऐकलं नाही. मला म्हणाल्या, "तुमचं ऐकतेत, तुमी सांगा." यापरीस मोठी शिक्षा मला कुणी दिली नसती.

मी चौकीवर गेलो. मामा उंबऱ्यावर बसून पाय चोळत होते. पाट कोरडा होता.

"मामा," मी म्हणालो, "आजवर तुम्हाला जे सांगितलं ते सगळं चूक होतं. आता एकच सांगतो. माझं कधीही ऐकू नका. त्या बाईंचं ऐका."

मामा हसले. पुष्कळ दिवसांनी. "हे तरी ऐकू का मग?"

पुढच्या तपासणीला मी वही घरी ठेवून त्यांच्यासोबत गेलो. बाईंनी पथ्य सांगितलं. गोळी लहान, पपनस अजिबात नाही. बैठका नाहीत, एकदम जोर नाही. दिवसभर थोडं थोडं पाणी पीत राहायचं, सकाळ-संध्याकाळ गरम पाण्यानं शेकायचं, झोप पुरी घ्यायची. लघवीचा रंग पुन्हा बदलला तर त्याच दिवशी यायचं. चालायचं, पण आधी अगदी थोडं, आणि दुखायच्या आधी बसायचं.

"दुखल्यावर नाही हं," त्या म्हणाल्या. "आधी."

मामांचा चेहरा पडला. "बसू? बाई, पानी बसलंय का कुठं?"

डॉक्टरीणबाई कोपरगावकडच्या, उसाच्या घरातल्या. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "पाटकरी आहात ना? मग पाट बारा महिने वाहता ठेवता का? सोडता, बंद करता, भराव वाळू देता, पुन्हा सोडता. सलग सोडला तर काय होईल?"

"फुटंल," मामा म्हणाले.

"मग पायांचंही आवर्तन लावा."

एवढंच. इतके महिने मी वहीतून जे शोधत होतो ते त्यांनी मामांच्या हातात ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी मामांनी एक बैलगाडी मागून आणली, स्वतः तीत बसले आणि मला बरोबर घेतलं. प्रत्येक चारीच्या दाराशी एक बसका दगड लोटून लावायचा, त्याला चुना फासायचा. दगड लोटायचं काम अर्थात माझं, त्यांना जोर मना होता. अकरा दगडांत माझी कंबर अकरा वेळा गेली. "भाऊसाहेब, दुखायच्या आधी बसा," ते मला सांगायचे. मग पहिले दोन दिवस पहिल्या दगडापर्यंत. बसायचं, कमरेच्या बाटलीतलं पाणी प्यायचं, परत. मग दोन दिवस दुसऱ्यापर्यंत. कचेरीच्या आधी मी रोज सोबत जायचो. प्रायश्चित्त म्हणा. तिसऱ्या दगडानंतर धाप मलाच लागायची.

सगळं सरळ झालं असं नाही. चौथ्या दगडावर आठ दिवस अडकले. पोटरीत गोळे यायचे, ओठ दाताखाली धरून बसायचे. एका सकाळी त्यांनी चुन्याच्या दगडावर मूठ आपटली आणि म्हणाले, "गोदामावर जातो मी. स्टुलावर बसून मरतो. कळवा साहेबाला." माझा बोलायचा हक्क संपलेला होता. आम्ही कोरड्या पाटाकडं बघत बसलो. मग ते उठले आणि पाचव्या दगडाकडं नाही, घराकडं वळले. तेच बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी पाचव्यापर्यंत पोचले.

होळीनंतर उन्हाळी आवर्तन सुटलं. साहेब जीप घेऊन स्वतः आले, मला शेजारी घेतलं. मला वाटलं होतं मामा पाण्यापुढं पाय उचलत जातील, पूर्वीसारखे. सातव्या चारीवर आलो तर दार उघडलेलं, पाणी चारीत शिरलेलं, आणि मामा चुन्याच्या दगडावर मांडी घालून बसलेले. बाटली तोंडाला.

साहेब उतरले. "ड्युटीवर बसता, मामा?"

मामा उठले नाहीत. अख्ख्या नोकरीत पहिल्यांदा ते साहेबापुढं बसून बोलले. "दार वेळेला उघडलंय, रावसाहेब. पानी पुढं गेलंय, पुढच्या दाराला अजून वेळ हाय. मी मागनं येतोय."

साहेबांनी घड्याळ बघितलं, दार बघितलं, चारीतलं पाणी बघितलं. मग त्या पांढऱ्या दगडाकडं बघून म्हणाले, "हे दगड कुणाच्या परवानगीनं?" आणि उत्तराची वाट न बघता जीपमध्ये बसले. गोदामाचा विषय पुन्हा निघाला नाही.

मामांनी उरलेली दोन वर्षं पाटावरच काढली. दुखणं पुरतं गेलं नाही. थंडीत सकाळी पायऱ्या उतरताना एकेक पायरी मोजायचे. पण अकरा दगड चालायचे, अकरा वेळा बसायचे. निवृत्त झाल्यावर दोघं तिसगावकडं गेले. पपनसाचं ते झाड मी तोडायला काढलं होतं, तेव्हा त्यांनीच अडवलं होतं. "लोकांला वाटा," म्हणाले. "फकस्त आधी विचारा, गोळी कंची चालू हाय."

चार-पाच वर्षं गेली. एका दुपारी कचेरीच्या दारात मामी उभ्या. या खेपेला पायात चपला होत्या, हातात पिशवी, पिशवीत मृत्यूचा दाखला. पेन्शनचे कागद करायला आल्या होत्या. मामा झोपेतच गेले होते, आदल्या दिवशी वेशीपर्यंत चालून आल्यावर.

मी फॉर्म भरू लागलो. भरता भरता उगाच बोलत राहिलो. म्हणालो, "मामी, त्यांना पपनस इतकं आवडायचं, आणि मी तेच..."

"कुनी सांगितलं आवडायचं?" मामी म्हणाल्या. "त्यांला आंबट घशाखाली उतरायचं न्हाई. डोळं मिटून, मीठ लावून गिळायचे. मी म्हनायची, द्या पाटात फेकून, कोन बघतंय. तर म्हनायचे, या हापिसात आजवर मला कुनी काय द्यायचं झालं तर कट्ट्यावर ठिवलं, मंग मी उचललं. या भाऊसाहेबानं हातात दिलं."

मी फॉर्मवर मान खाली घातली. सांगायला हवं होतं की मी सायकलवरून उतरायचा कंटाळा केला होता, आणि त्या रस्त्याला कट्टाच नव्हता. नाही सांगितलं.

"बसा ना, मामी," मी म्हणालो.

त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्याच सकाळी आवर्तन सुटलं होतं. "हाय उभी," त्या म्हणाल्या. "पानी चाललंय."

त्यांना एसटीत बसवून मी पाटाच्या कडेनं परत निघालो. पहिल्या चारीचा दगड जागेवर होता. चुना कधीचा उडाला होता. पाय दुखत नव्हते, तरी मी बसलो. पाणी माझ्यासमोरून पुढं गेलं.